फुलीपाशी राहिलेली सही

अहो,

त्या दिवशी दूध उतू जाता जाता राहिलं होतं, आठवतं का? मंगळवार होता. नळाला पाणी यायची वेळ, तुमच्या डब्याची मटकी कुकरमध्ये, निळा शर्ट अर्धा इस्त्री करून तसाच टाकलेला आणि केतकी बाथरूम अडवून बसलेली. कोयलीच्या कारखान्याची तुमची बस नाक्यावर सहा चाळीसला यायची. तुम्ही मोजे चढवता चढवता जेवणाच्या टेबलावर तीन कागद ठेवलेत आणि म्हणालात, "फुली केलीय तिथं सही कर. पतपेढीचा माणूस दुपारी येईल. लिफाफ्यात घालून त्याच्याकडे दे."

मी "हो हो" म्हटलं. हातात दुधाचं पातेलं होतं. अडणी सापडेना. हात भाजायला लागला आणि मी ते टेबलावर ठेवून दिलं. टेबलावर नाही हो, तिसऱ्या कागदावर.

हे तुम्हाला आज का लिहितेय? उद्या रविवार, माझी परीक्षा आहे म्हणून. समोर सराव पेपर उघडा आहे, कुकरची वेळ मोजण्यासाठी घेतलेलं ते टिकटिक घड्याळ लावलंय, आणि सकाळपासून मी एकच गणित वाचतेय. दोन नळ एक टाकी भरतात, तिसरा रिकामी करतो. आपल्या सोसायटीची टाकी कुठल्या हिशेबानं भरते ते अजून कुणाला कळलेलं नाही, मला ही कशी कळावी? दोनदा उठून गॅस बघून आले. गॅस बंदच होता.

तुम्हाला नावानं कधी हाक मारली नाही, आता कागदावर कशी मारू? "अहो"च बरं.

परीक्षा कसली ते तरी सांगते. पैशांचा, गुंतवणुकीचा कारभार शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, संध्याकाळचा, पदवीनंतरचा. त्याची प्रवेश परीक्षा. गणित, तर्क, आणि इंग्रजी उतारे. हसू नका! बाहेरून बी.ए. केलं तेव्हाही हसला होतात, आणि निकालाच्या दिवशी पेढे मात्र तुम्हीच आणलेत.

आणि मी ब्लॉग लिहिते. हे ऐकून तर तुम्ही चष्मा काढून बघितलं असतं. "घरचं दप्तर" असं नाव आहे. दर गुरुवारी एक लेख, मराठीतून. ठेवीवर वारसाचं नाव कसं लावायचं, विम्याचा कागद कुठल्या ओळीपासून वाचायचा, मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं का, असलं. आपल्या गावातल्या पाणीगेटपासून पार पुण्या-नागपूरपर्यंतच्या बायका वाचतात आणि प्रश्न विचारतात. मी पहाटे पाच ते सात गणितं सोडवते, मग स्वयंपाक, केतकी ऑफिसला गेली की दुपारी लेख आणि उत्तरं, संध्याकाळी इंग्रजीचे उतारे. केतकीनं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलंय. समोरच्या जिग्नाबेन ते रोज वाचतात. परवा म्हणाल्या, "वासंतीबेन, तुमच्या टाइमटेबलमध्ये जेवायचं लिहिलंच नाही. आ उंमरे आटलुं बधुं!" या वयात एवढं सगळं, म्हणून. मी म्हटलं, जेवण उभ्यानं होतं, त्याला रकाना कशाला?

या परीक्षेचं खूळ डोक्यात कुठून आलं? आपल्याच सोसायटीच्या हॉलमध्ये मला बायकांसमोर बोलायला बसवलं होतं. मागच्या खुर्चीवरून एका गृहस्थांनी विचारलं, "बेन, तमारुं भणतर केटलुं?" शिक्षण किती म्हणून. मी सांगितलं, बी.ए., बाहेरून. ते म्हणाले, "अच्छा. अच्छा." पहिलं अच्छा ठीक होतं. दुसरं मला घरापर्यंत पुरलं.

सगळ्यांना वाटतं, काय बाई ही, दोन्ही हातांनी दोन कामं ओढतेय! केतकीला वाटतं, आईला शिकायचा ध्यास लागलाय. ध्यास आहेच, खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला खरं सांगते, यातली अर्धी पळापळ लपायची आहे. ब्लॉगवर तो जुना विषय निघाला की मी म्हणते, अभ्यास आहे. अभ्यास करताना तो विषय डोक्यात आला की म्हणते, गुरुवारचा लेख राहिलाय. सहा महिने मी या खोलीतून त्या खोलीत पळतेय. उद्या परीक्षा आहे आणि आता पळायला खोली उरली नाही.

तो तिसरा कागद.

पातेलं उचललं तेव्हा कागदावर तपकिरी ओलं कडं उठलेलं होतं, बरोबर माझ्या फोटोवरून गेलेलं. पतपेढीतल्या तुमच्या मोठ्या ठेवीला माझं नाव जोडायचा अर्ज होता तो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी वाचलाच कुठे? मला फक्त एवढं दिसलं की तुमच्या त्या सुबक अक्षरात भरलेला कागद मी नासवला. आता हे आख्खं परत लिहीत बसतील, एक शब्द बोलणार नाहीत आणि तोंड एवढंसं करतील. तुमच्या रागाला मी कधी भ्यायले नाही हो. त्या न बोलण्याला भ्यायचे. बाकीच्या दोन कागदांवर सह्या केल्या, ते लिफाफ्यात घातले आणि तिसरा स्वयंपाकघरातल्या खणात, खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवला. म्हटलं, पुढच्या आठवड्यात त्या पतपेढीच्या माणसाकडूनच गुपचूप कोरा अर्ज मागून घेऊ.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "सह्या झाल्या?"

"झाल्या."

"तिन्ही?"

"हो हो, दिले पण."

तुम्ही कागदांचा लाल रुमाल सोडलात, त्यातली यादी काढलीत, पट्टी ठेवून ओळ आखलीत आणि लिहिलंत, "पतपेढीची ठेव. वासंतीचं नाव जोडलं." पुन्हा गाठ मारलीत. पुढच्या आठवड्यात तुमची बहीण पोरांना घेऊन राहायला आली, मग केतकीची परीक्षा, मग कोण जाणे काय. मी विसरले. शप्पथ सांगते, अगदी पुसून गेल्यासारखं विसरले.

तुमचे आजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून. कागद लाल रुमालात बांधून ठेवायची रीत तुमच्या घरात त्यांच्यापासून. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, या रुमालात काही देवाबिवाचं आहे. तारखेनं लावलेले कागद, वर यादी, आणि माझ्या सहीच्या जागी पेन्सिलची बारीक फुली. सही झाली की तुम्ही ती खोडरबरानं पुसायचात, कागद खराब दिसू नये म्हणून! पंचवीस वर्षं मी त्या फुल्यांवर सह्या केल्या. रुमाल इतका नीट बांधलेला असायचा की तो सोडून बघावा असं कधी वाटलंच नाही. मलाही नाही आणि एकदा गाठ मारल्यावर तुम्हालाही नाही.

एक विचारू? मला एकदाही का म्हणाला नाहीत, आधी वाच आणि मग सही कर? मी वाचणारी बाई होते ना? रविवारच्या फाफड्याचा तेलकट कागद मी उजेडाला धरून वाचायचे. गुजराती तर मी पुड्यांवरूनच शिकले. तुम्ही केतकीला म्हणायचात, "कुरमुरे संपले बघ, आता तुझी आई पुडी खाणार." शेंगदाण्याच्या पुडीचा कागद मी कधी न वाचता टाकला नाही, आणि ज्या कागदावर माझं नाव होतं तो एकदाही वाचला नाही. यात तुमचं किती आणि माझं किती, मला अजून मांडता येत नाही. त्या तीन नळांसारखंच.

तुम्ही गेल्यावर तेराव्यानंतर केतकी आणि मी पतपेढीत गेलो. खिडकीतल्या मुलीनं दोनदा बघितलं. म्हणाली, "काकी, इथं फक्त काकांचंच नाव आहे. वारस म्हणून त्यांच्या आईचं." सासूबाईंना जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती! केतकीनं तुमची यादी तिच्यापुढे ठेवली. ती मुलगी बिचारी म्हणाली, "यादी बरोबर असेल, पण अर्ज आलेलाच नाही."

मग वारस दाखला, वकील, कोर्टाच्या तारखा. चौदा महिने. पैसे मिळाले अखेर, सगळे मिळाले. पण पुण्याला केतकीचा एम.एस्सी.चा नंबर लागला होता ना, त्याची फी पहिल्याच महिन्यात भरायची होती. तुमच्या बहिणीकडे मागूया म्हटलं, तर केतकीच नको म्हणाली. जागा सोडली आणि नोकरी धरली. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना एकदा म्हणाली, "पप्पांनी नुसतं लिहिलं, दिलं नाही. लिहायला काय लागतं, मम्मी?" मी मान हलवली. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. तुमच्यावर चिडून मी महिनाभर तुमच्या फोटोचा हार बदलला नव्हता. पोचलं होतं का तुम्हाला?

ब्लॉग केतकीनंच सुरू करून दिला. "तू जे जे शोधून काढलंस ते कुणालाच माहीत नाही ने, लिहून टाक." पहिला लेख लिहिला तो हाच. यादीत लिहिलं म्हणजे काम झालं असं नाही. माझ्या यजमानांनी ओळ आखून लिहून ठेवलं, पण अर्ज कधी दिलाच नाही, आणि मुलीचं शिक्षण राहिलं. आजही लोक तोच लेख सगळ्यात जास्त वाचतात, एकमेकींना पाठवतात. बाहेर कुणी भेटलं की म्हणतं, "तुम्ही त्या यादीवाल्या ना?"

गेल्या दिवाळीत खणाचे कागद बदलायला घेतले. वर्तमानपत्र उचललं, वाचायचं म्हणून बाजूला ठेवलं, आणि खाली तो. तपकिरी कडं, त्यात माझा फोटो, आणि कोपऱ्यात तुमची फुली. ती पुसायची वेळ तुमच्यावर आलीच नव्हती. मी तिथंच फरशीवर बसले. दूध, इस्त्री, मोजे, "तिन्ही?", सगळं एका दमात आठवलं. तुम्ही सगळं केलं होतंत. यादीत लिहिलेलं खरं होतं. खोटं मी बोलले होते, "हो हो, दिले पण" असं, पोळ्या लाटता लाटता.

आणि मग मी काय केलं? कागद परत खणात ठेवला आणि त्यावर नवं वर्तमानपत्र अंथरलं.

मनात म्हटलं, ते तर गेले, आता त्यांचं काय बिघडणार आहे? माझं बिघडेल. केतकीचं माझ्याशिवाय कोण आहे? लिहायला लाज वाटतेय, पण अगदी असंच म्हटलं. त्यानंतर वारसावर, संयुक्त खात्यावर, ठेवींवर किती लेख लिहिले मी! या एका कागदावर सोडून.

परवा गुरुवारी पाणीगेटच्या एका बाईंचं पत्र आलं. ब्लॉगवरची पत्रं केतकी आधी बघते. चहा ठेवत होते, तर ती मोठ्यानं वाचायला लागली. "ताई, तुमचा यादीचा लेख वाचून मी आमच्या ह्यांना कागद दाखवा म्हटलं. ते म्हणतात सगळं दिलंय, विश्वास ठेव. मी नाही ठेवत. पंधरा दिवस झाले, मी त्यांच्याशी बोलत नाही. तुमची झाली तशी माझी फसगत नको."

फसगत! अहो, तुम्ही आणि फसगत! सुट्टे पैसे जास्त आले म्हणून भर उन्हात भाजीवाल्याकडे परत जाणारा माणूस.

केतकी म्हणाली, "बघ, किती लागतं लोकांना तुझं लिहिलेलं. उत्तर दे ने."

"परीक्षा झाल्यावर देते."

"तू तर लगेच देतेस नेहमी. काय झालं?"

"काही नाही. टाकीचं गणित राहिलंय."

"सोड ते टाकीचं, एखादं नाही आलं तर काय होतं," ती म्हणाली आणि बिस्कीट बुडवत पुढे बोलली, "मी पप्पांना माफ केलंय, पण विसरले नाही. म्हणून तुझा लेख चांगला आहे. तूही नाव न ठेवता खरं ते लिहिलंस."

तेव्हापासून माझ्या हातून एकही गणित सुटलेलं नाही. इंग्रजी उताऱ्याखाली विचारतात, लेखकानं कुठली गोष्ट सांगितलेली नाही? मी पेन्सिल खाली ठेवते.

आजही तोच खेळ चाललाय. सकाळी उत्तर लिहायला बसले, दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, म्हटलं उद्या पेपर आहे, आधी अभ्यास. अभ्यासाला बसले तर त्या पाणीगेटच्या बाई समोर. त्या आणि त्यांचे यजमान, दोघं समोरासमोर गप्प जेवत असतील. तुमचं ते न बोलणं मी भोगलंय. दुसऱ्याच्या घरात मी ते नेऊन ठेवलं.

तुम्हाला विचारून काही करायची सवय जात नाही. पण उत्तर काय येणार तेही मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, "जाऊ दे, पोरीला कशाला सांगतेस? माझ्या नावावर असू दे." असंच म्हणाल तुम्ही! इतकं सगळं स्वतःवर घ्यायची खोड होती तुम्हाला. म्हणूनच तर मला काही वाचायला दिलं नाहीत. या वेळी मी तुमचं ऐकणार नाही.

म्हणून शब्द देते. केतकीला सांगेन. परीक्षेच्या नंतर नाही, आधी. मग त्या पहिल्या लेखाच्या वर नवा लेख लावीन आणि त्यात "ओळखीतल्या एक बाई" असं काही न लिहिता "मी" असं लिहीन. लोक म्हणतील, हिला स्वतःचाच कागद सांभाळता आला नाही आणि ही आम्हाला शिकवते. म्हणू देत. त्या गृहस्थांचं दुसरं अच्छा पचवलं, हेही पचवीन. आणि यापुढे माझं नाव असलेला कुठलाही कागद, कुणीही पुढे केला तरी, पुडीच्या कागदासारखा वाचीन. शेवटच्या ओळीपर्यंत.

तुमची,
वासंती

ता. क. काल हे लिहून ठेवलं, आज रविवार संपत आलाय, म्हणून पुढचं सांगते. सकाळी चहाच्या वेळी खणातला कागद काढून केतकीपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ त्या कड्यावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "म्हणजे पप्पांनी भरला होता." मी हो म्हटलं. "आणि तुला दिवाळीपासून माहीत होतं." त्यालाही हो म्हटलं. "आज सांगतेस? आज?" मग उठली. "ओळखपत्र घेतलंस का? चल, उशीर होईल." स्कूटरवर एक शब्द बोलली नाही, अगदी तुमच्यासारखी. हेल्मेटच्या आत रडत होती, मागे बसलेल्या मला ऐकू येत होतं. परीक्षेच्या फाटकाशी उतरले तेव्हा म्हणाली, "वेळ बघ. एका प्रश्नावर बसून राहू नको." गणिताचे सात प्रश्न राहिले. टाकीचा आला होता, तो सोडून दिला. बाहेर आले तर ती उन्हात उभी होती, हातात सेव-उसळीचं पार्सल. अजून नीट बोलत नाही, पण दुपारी नवा लेख मी सांगितला आणि तिनं टाइप केला. एके ठिकाणी म्हणाली, "इथं पप्पांचं अक्षर चांगलं होतं ते पण टाक." टाकलं. लेख लावला. पाणीगेटच्या बाईंना त्याच्याबरोबर वेगळं पत्र पाठवलं, की कागद दोघांनी मिळून बघा, आणि तोवर बोलत राहा. मग टेबल पुसून कोरडं केलं, तो अर्ज घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला, दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरातल्या अटींसकट. मग फुलीपाशी सही केली.